साडेनऊची न वाजलेली घंटी

पवनीत मच्छीमार संस्थेच्या कार्यालयाला लागून माझं झेरॉक्सचं दुकान आहे. मधे एकच भिंत, तीही अर्ध्या विटेची. पलीकडे कोणी खोकललं तरी इकडे ऐकू येतं. त्यामुळे रक्षा वलथरेची ही हकिकत मी थोडी ऐकलेली, थोडी पाहिलेली आणि बाकीची तिनंच मला सांगितलेली आहे. लिहू का म्हणून विचारलं तेव्हा ती म्हणाली, "लिहा काका. पण मले वाचवून लिहू नका."

रक्षा ही तुलाराम वलथरेची थोरली मुलगी. घाटापासून दोनशे पावलांवर ढिवर मोहल्ल्यात त्यांचं घर. तुलारामचं सगळं आयुष्य वैनगंगेच्या पात्रात डोंग्यावर, म्हणजे छोट्या होडीवर गेलं आणि मंदाबाईचं बाजारात मासोळीच्या टोपल्यामागे. पोरगी हुशार निघाली. भंडाऱ्याला कम्प्युटरची पदवी घेतली आणि नागपुरात एका छोट्या कंपनीत लागली. तिथं रूबी नावाच्या भाषेत प्रोग्राम लिहायचे. पाच वर्षं तिनं तेच केलं. मग मंदाबाईला लकवा मारला, उजवी बाजू गेली आणि रक्षा बॅग घेऊन परत आली ती आलीच. संस्थेत लेखनिकाची जागा रिकामी होती, ती तिनं घेतली. तेव्हा ती सत्तावीसची होती. आता तेहतीसची आहे.

आमच्या वरच्या अंगाला धरण आहे. पावसाळ्यात दरवाजे उघडले की तास-दीड तासात पाणी पवनीच्या घाटाला लागतं. भोंगा वाजतो, गावातून गाडी फिरते, पण वारा उलटा असला तर पात्राच्या मधोमध जाळं ओढणाऱ्याला काही ऐकू येत नाही. सोडलेल्या पाण्याचा आकडा मात्र इंटरनेटच्या एका पानावर चढतो, आणि तो पाणी येण्याच्या बराच आधी चढतो. रक्षानं हे पान पाहिलं आणि तिला एक गोष्ट सुचली.

संस्थेच्या जुन्या कम्प्युटरवर तिनं रूबीत एक प्रोग्राम लिहिला. तो पानावरचा आकडा वाचायचा. आकडा ठरलेल्या रेषेच्या वर गेला की यादीतल्या एकशे त्रेचाळीस फोनांवर एकाच वेळी कॉल लावायचा. फोन उचलला की रक्षाचाच आवाज यायचा, "पाणी सुटलं. डोंगा काढा. बाहेर या." हा प्रोग्राम दर अर्ध्या तासानं चालवण्याचं काम तिनं क्रॉनकडे दिलं होतं. क्रॉन म्हणजे कम्प्युटरमधली एक सोय. अमुक वेळी अमुक काम कर, अशी एक ओळ त्याच्या यादीत लिहून ठेवायची, मग खुर्चीवर कोणी असो नसो, तो ते काम वेळेवर करतो.

मोहल्ल्यानं त्या कॉलला नाव ठेवलं घंटी. पहिल्या वर्षी ती नऊ वेळा वाजली आणि नऊही वेळा पाणी आलं. मग लोकांचा भरवसा बसला. बाप्ये प्लास्टिकच्या पिशवीत फोन घालून गळ्यात बांधून नदीत उतरू लागले. पूर्वी पाण्यात उतरणारा माणूस काठावर पाण्याच्या रेषेला एक खुंटी ठोकायचा आणि घटकाघटकानं तिच्याकडे नजर टाकायचा. खुंटी बुडाली की निघायचं. घंटी आली तशी खुंट्या ठोकणं कमी झालं आणि तिसऱ्या वर्षी कोणी ठोकेनासं झालं. मीही माझा नंबर यादीत घालून घेतला होता. मी नदीत जात नाही, पण दुकानात बसल्या बसल्या कळायचं.

मागच्या वर्षी पोळा झाल्यावरच्या शनिवारी रक्षानं प्रोग्रामला हात लावला. लावणं भागच होतं. कॉल लावून देणारी जी कंपनी होती तिनं कळवलं होतं की जुनी पद्धत महिनाअखेर बंद होईल. नवीन पद्धतीला नवीन रूबी लागत होती, आणि संस्थेच्या कम्प्युटरवरची रूबी जुनी. ती काढून टाकता येत नव्हती, कारण कम्प्युटरची बाकीची कामं तिच्यावर अडलेली. अशा वेळी दोन आवृत्त्या एकाच यंत्रावर नांदवायचं एक साधन असतं, आरबीएन्व नावाचं. नागपुरात रक्षानं ते शंभरदा वापरलं होतं. तिनं ते बसवलं, त्यातून नवीन रूबी घेतली, कंपनीनं दिलेली नवीन चावी, म्हणजे परवलीची अक्षरं, एका फाईलमधे लिहिली आणि यादीत तात्पुरते दोनच नंबर ठेवून, रेषा खाली आणून प्रोग्राम स्वतःच्या हातानं चालवून पाहिला. तिचा फोन वाजला. समोर बसलेल्या परसरामचा वाजला. परसराम म्हणजे संस्थेचे सचिव, पन्नाशीचे, मोहल्ल्यात शब्द असलेले. ते म्हणाले, "झालं ना बाई? मंग चाल, जेवाले जा."

ती जेवायला गेली. क्रॉनच्या यादीतली ओळ तिनं उघडूनही पाहिली नाही. प्रोग्राम तोच, जागा तीच, वेळ तीच. पाहायचं काय?

रविवार, सोमवार, मंगळवार, बुधवार, घंटी वाजली नाही. वाजण्यासारखं काही नव्हतंही. पाऊस उघडला होता.

गुरुवारी सकाळी अकरा वाजायच्या बेतात असताना माझ्या दुकानात एक बाई सातबारा काढायला आली. तिची साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली. मी विचारलं तर म्हणाली, "घाटावर धुनं धुवून रायली होती जी. तीन पायऱ्या बुडाल्या पाहता पाहता. भोंगा बी आयकू नाई आला."

भिंतीपलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. रक्षा माझ्या दारात उभी.

"काका, तुमचा फोन वाजला?"

"नाही."

"आज सकाळपासून एकदाही नाही?"

मी फोन काढून दाखवला. तिचा चेहरा मी त्याआधी कधी तसा पाहिला नव्हता, नंतरही नाही. ती उलट्या पावली पळाली. मी मागोमाग गेलो. तिनं ते पान उघडलं. आकडा रेषेच्या कितीतरी वर होता, आणि बाजूला वेळ लिहिली होती, नऊ वाजून सव्वीस मिनिटं. म्हणजे साडेनऊला क्रॉननं प्रोग्राम चालवायला हवा होता आणि घंटी वाजायला हवी होती. दहाला, साडेदहाला पुन्हा.

तिनं पडद्यावरच्या काळ्या खिडकीत हुकमाची एक ओळ टाइप केली आणि एंटर दाबलं. माझ्या हातातला फोन वाजला. मी उचलला. ती माझ्यासमोर ओठ मिटून उभी आणि तिचाच आवाज माझ्या कानात शांतपणे सांगत होता, "पाणी सुटलं. डोंगा काढा. बाहेर या." घड्याळात अकरा वाजून चार मिनिटं झाली होती.

त्या वेळी पात्रात चौदा जण होते. बारा जण काठाजवळ होते, ते कसेबसे निघाले. दोघं पलीकडच्या रेतीच्या बेटावर लांब जाळं आवरत होते. एक अनुप दिघोरे, अडतीस वर्षांचा, पट्टीचा पोहणारा. दुसरा तुलाराम वलथरे.

घाटावर सगळा मोहल्ला जमला. पाणी मातकट, भरधाव, मधेच एखादं झाड गिरक्या घेत जायचं. बेट दिसत नव्हतं. रक्षा सर्वात खालच्या कोरड्या पायरीवर उभी राहून बापाच्या नंबरावर फोन लावत होती. लागत नव्हता, तरी लावत होती. पाणी पायाला आलं की एक पायरी वर यायची आणि पुन्हा लावायची. मी तिच्या दंडाला धरलं तर झटकून टाकलं. अनुपची बायको पंचफुला वरच्या ओट्यावर बसली होती. ती रडत नव्हती. तिला वाटत होतं अनुप पोहून येईल.

दुपारी एकच्या सुमारास खालच्या गावातून निरोप आला. तुलाराम सापडला होता. बाभळीच्या बुडालेल्या शेंड्यांमधे अडकला होता, लोकांनी दोर टाकून ओढला. अंगभर काटे, दोन बरगड्या गेल्या, पण जिवंत.

अनुप शनिवारी सापडला. त्याच्या गळ्यात फोनची पिशवी तशीच होती.

तुलारामनं दवाखान्यात पडल्या पडल्या रक्षाला जे सांगितलं ते असं. "पानी घोट्याले लागलं तवाच मी म्हनलं, चाल निघू. अनुप म्हने, मामाजी, घंटी तं वाजली नाई. थोडंसं सोडलं असन. जाळं गुंडाळून घेऊ. मले बी ते पटलं. मंग पानी कमरेले आलं तवा दोघाईचेबी फोन वाजले. तुहा आवाज होता. त्यानं मले डोंग्यात लोटलं आन् डोंग्याले धक्का देल्ला. त्याच्या पायाले जाळ्याचा दोर गुतला होता. मले दिसला तो दोर, बेटा. पन हात पुरला नाई."

मग म्हातारा भिंतीकडे तोंड करून पडला.

घंटी का वाजली नाही हे रक्षाला गुरुवारी दुपारीच कळलं होतं. बाप सापडल्याचा निरोप आल्यावर, दवाखान्यात जायच्या आधी, ती पाच मिनिटं कार्यालयात आली होती. मला तिनं ते नंतर समजावून सांगितलं, आणि मला समजलं ते इतकंच. आपण कम्प्युटरची काळी खिडकी उघडतो तेव्हा तो आधी एक फाईल वाचतो. नवीन रूबी कुठं आहे, ते त्या फाईलमधे लिहिलेलं होतं. म्हणून रक्षाच्या हातानं सगळं नीट चालायचं. क्रॉन ती फाईल वाचतच नाही. त्याला चार ठरलेल्या जागा ठाऊक, तिथं जे सापडेल ते तो घेतो. त्याला तिथं जुनी रूबी सापडली. जुन्या रूबीला नवीन पद्धत कळेना, आणि पहिल्याच ओळीवर प्रोग्राम मरून पडायचा. शनिवार दुपारपासून दर अर्ध्या तासानं तो असाच मरत होता, दोनशेच्या वर वेळा. प्रत्येक वेळी कम्प्युटर चूक काय झाली तेही सांगत होता. पण रक्षानंच दोन वर्षांपूर्वी, रोजरोजच्या निरोपांचा कंटाळा येऊन, क्रॉनचं सगळं बोलणं थेट कचऱ्यात जाईल अशी सोय करून ठेवली होती.

"नागपूरले असताना नवीन पोरांना मीच सांगायची," ती म्हणाली. "हातानं चाललं म्हणजे क्रॉननं चालेल असं समजू नका. मीच सांगायची काका."

रविवारी संस्थेत वेगळंच चाललं होतं. बारा माणसं घंटीमुळे वाचली, असं गावभर झालं होतं. अकरा वाजून चार मिनिटांनी सगळ्यांचे फोन वाजले होते, हे खरंच होतं. पाणीच या वेळी लवकर आलं, असं लोकांनी धरून घेतलं. मोबाईलवर बातम्या दाखवणारा एकजण माईक घेऊन आला होता. रक्षानं आतून कडी लावली. तो गेल्यावर परसराम आत आले आणि तिनं त्यांना सगळं सांगितलं. भिंतीच्या या बाजूला मला शब्दन् शब्द ऐकू आला.

परसरामनी आधी आतून कडी लावून घेतली. मग म्हणाले, "हे तू कोनाले सांगू नको."

"काका, साडेनऊले आकडा आला होता. दीड घंटा."

"आयकलं मी. पान बंद होतं म्हन. कोन पाहाले चाललं?"

"पंचफुलावयनीले काय सांगू?"

"काईच नोको सांगू. तू काय मुद्दाम केलं? आन् हे बघ, आपल्यासाठी नाई म्हनून रायलो मी. उद्या लोकाईले समजलं का घंटी चुकते, तं परवा वाजली तवा कोनी डोंगा काढनार नाई. मंग आनखी मरतीन. ते तुह्या डोक्यावर घेशीन?"

मला तेव्हा परसरामचं म्हणणं बरोबर वाटलं. आजही पूर्ण चूक वाटत नाही. तासाभरानं रक्षा कुलूप लावून निघाली आणि सरळ अनुपच्या घरी गेली.

घरात बायका बसल्या होत्या. कोपऱ्यात दिवा लावलेला. रक्षा म्हणाली, "वयनी, जराशी बाहेर येता का? बोलायचं आहे."

पंचफुला म्हणाली, "इथंच बोल."

मग ती सगळ्यांसमोर बोलली. रूबी, क्रॉन, फाईल यातलं तिनं काही काढलं नाही. ती म्हणाली, "वयनी, घंटी अकराले वाजली ती मी हातानं वाजवली. ती साडेनऊलेच आपोआप वाजायले पाहिजे होती. आधीच्या शनिवारी मी कम्प्युटरमधे बदल केला, त्यात माही चूक झाली. मी तपासून पाहिलं नाही. म्हणून वाजली नाही."

बायकांत कुजबुज झाली आणि थांबली. पंचफुलानं तिच्याकडे पाहिलं.

"दीड घंटा?"

"हाव."

"दीड घंट्यात ते घरी येऊन, जेवून, झोपले असते."

रक्षा तिथंच खाली बसली. पंचफुला उठली, आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. एका म्हातारीनं रक्षाला हाताला धरून दारापर्यंत पोचवलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं रक्षा मला म्हणाली.

त्यानंतरचे दिवस तिनं कसे काढले ते मी पाहिलंय. क्रॉनच्या ओळीत काय दुरुस्ती करायची ते तिला माहीत होतं. दोन मिनिटांचं काम. पण तिचा हात धजत नव्हता. दुरुस्त केलं आणि पुन्हा नाही वाजली तर? म्हणून ती स्वतःच क्रॉन झाली. उजाडता उजाडता कार्यालयात यायची आणि दर अर्ध्या तासानं हातानं ती ओळ टाइप करायची, नदीतले सगळे बाहेर येईपर्यंत. मोबाईलवर गजर लावलेला. साडेदहाचा वाजला, अकराचा वाजला, भिंतीतून मला ऐकू यायचा. मधे डोकं टेबलावर टाकून पडायची. दवाखान्यात बापाजवळ तिची मावशी बसायची. एकदा मंदाबाई लुळा हात पोटाशी धरून, पाय ओढत डबा घेऊन आली, तर रक्षानं तो उघडलाच नाही. मंदाबाई माझ्या दुकानात येऊन रडली. "पोट्टी वेडी होऊन रायली भाऊ. माह्याशी बोलताना बी घड्याळाकडे पायते." त्या दिवसांत पाणी दोनदा सुटलं. दोन्ही वेळा रक्षानं हातानं घंटी वाजवली आणि लोक बाहेर आले. तरी ती उठली नाही. असे दोन आठवडे.

तेरवी झाल्यावर दोन दिवसांनी, दुपारी दोन वाजून गेल्यावर पंचफुला आली. माझ्या दुकानावरून गेली, इकडे पाहिलं नाही. मी काउंटर सोडून संस्थेच्या दारात जाऊन उभा राहिलो. भांडण होईल असं वाटलं मला.

पंचफुलानं खुर्ची ओढली नाही. भिंतीला टेकून जमिनीवर बसली. "लोक म्हनते तू रोज हातानं वाजवते. किती दिवस वाजवशीन?"

रक्षानं मोबाईलवरचा पुढचा गजर पाहिला.

"माहा दीर उद्यापासून नदीत जाऊन रायला. दुसरं काय करन तो? तू बिमार पडली, तुही माय बिमार पडली, मंग?" तिनं टेबलावरच्या कम्प्युटरकडे बोट केलं. "आपोआप वाजवून दाखव मले. हात नको लावू."

दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. रक्षानं चाचणीसाठी यादीत दोनच नंबर ठेवले, एक तिचा आणि एक पंचफुलाचा. रेषा खाली आणली म्हणजे आकडा कमी असला तरी घंटी वाजेल. मग क्रॉनची ओळ उघडली. नवीन रूबीची जागा घराच्या पत्त्यासारखी पूर्ण लिहिली, आणि क्रॉनचं बोलणं कचऱ्यात न टाकता एका फाईलमधे उतरेल असं केलं; बिघडलं तर कारण तिथं लिहून येईल, असं ती पंचफुलाला म्हणाली. इतकं करून तिनं हात मांडीवर ठेवले.

दोन्ही फोन टेबलावर शेजारी शेजारी. अडीच वाजले. अडीच वाजून एक मिनिट. दोन मिनिटं.

फोन वाजले नाहीत.

रक्षा उठली आणि खिडकीच्या गजाला डोकं टेकून उभी राहिली. "नाही होत वयनी. माह्याच्यानं नाही होत. बंद करते मी हे. खुंट्या ठोका म्हणा पुन्हा."

पंचफुला जागची हलली नाही. "पाय ना काय लिवलं त्यात. कायले बिघडलं ते लिवते म्हनली ना आता तू?"

रक्षा परत आली. फाईलचं नाव टाइप करताना ती तीनदा चुकली. फाईलमधे एकच ओळ होती. रूबी या वेळी नवीनच मिळाली होती, प्रोग्राम चालूही झाला होता. पण कॉलच्या कंपनीची चावी सापडत नव्हती. ती चावीही रक्षानं त्याच फाईलमधे लिहिलेली होती, जी क्रॉन कधी वाचत नाही. साडेनऊची चूक आणि ही चूक एकाच पोटची.

तिनं चावी प्रोग्रामशेजारी वेगळ्या फाईलमधे ठेवली आणि ती तिथून वाचायला सांगितलं. पुन्हा हात मांडीवर. पंचफुला म्हणाली, "पानी आहे का प्यायले?" मी माझ्या दुकानातून आणून दिलं. ती प्याली, मग पेला रक्षापुढे सरकवला. रक्षाही प्याली.

तीन वाजले आणि दोन्ही फोन एकदम वाजले. पंचफुलानं तिचा उचलला. रक्षाचा आवाज बोलला आणि बंद झाला. हाच आवाज अनुपनं कमरेइतक्या पाण्यात ऐकला होता. पंचफुलानं फोन कानापासून काढला नाही. तेव्हा, तेरा दिवसांचं सगळं होऊन गेल्यावर, मी तिला पहिल्यांदा रडताना पाहिलं. रक्षा तिच्याकडे जायला उठली तर तिनं हात उंचावून तिला जागीच थांबवलं.

रडणं ओसरल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, "आता एक सांग. पानी नाई म्हनून चूप रायली, का बिगडली म्हनून चूप रायली, हे आमाले कसं समजन?"

रक्षा कीबोर्डकडे वळली आणि यादी व रेषा पुन्हा होती तशी केली. पंचफुला गेली.

पुढच्या आठवड्यात रक्षा संस्थेच्या सभेत उभी राहिली आणि अनुपच्या घरी सांगितलं तेच तिनं सगळ्यांसमोर सांगितलं. परसराम मान खाली घालून बसले होते. लोक ओरडले. यादीतून एकोणचाळीस नंबर काढायला लावले. एकानं तर बापाचं नाव घेऊन वाईट बोलून घेतलं, की म्हातारा बरा वाचला. तुलाराम त्या सभेला नव्हता. तो पुन्हा कधी नदीवर गेलाच नाही. घाटाकडे पाठ करून अंगणात बसतो आणि दुसऱ्यांची जाळी शिवून देतो.

ओरडा थांबल्यावर रक्षानं दुसरी गोष्ट सांगितली. आता रोज सकाळी सहाला, पाणी सुटो न सुटो, क्रॉन सगळ्यांना एक निरोप पाठवेल, "घंटी चालू आहे." तो निरोप आला तरच नदीत उतरायचं. नाही आला तर घंटी मेली असं समजायचं आणि घरी बसायचं. आणि खुंट्या पुन्हा ठोकायच्या, घंटी असो नसो.

हिवाळा गेला, उन्हाळा गेला. निरोप रोज येत होता. काढलेल्या नंबरांपैकी काही हळूहळू परत आले, सगळे नाही. रक्षा बारीक झाली. हसताना मी तिला पाहिलं नाही. रस्त्यात पंचफुला दिसली की ती थांबायची आणि पंचफुला बाजूनं निघून जायची. वर्षभरात त्या एकमेकींशी एक शब्द बोलल्या नाहीत.

यंदा आषाढात, नदी भरायला लागली त्या दिवसांत, एका सकाळी सहा वाजून सात मिनिटांनी रक्षाचा फोन वाजला. ती मंदाबाईचे केस विंचरत होती. नंबर पंचफुलाचा होता.

"आज आला नाई," पंचफुला म्हणाली. "दिराले थांबवून ठेवलं मी. घाटावर बी सांगून पाठवलं. कोनी उतरलं नाई."

रक्षा कंगवा तिथंच टाकून कार्यालयाकडे पळाली. वीज पहाटेच गेली होती आणि इन्व्हर्टरची बॅटरीही बसली होती. कम्प्युटरचा पडदा काळा. ती दारातच उभी राहिली आणि आपल्या मोबाईलवरून एकेकाला निरोप पाठवू लागली, आज घंटी बंद आहे, नदीत जाऊ नका. मी दुकान उघडायला आलो तेव्हा ती पाठवतच होती, आणि घाटावर सगळे डोंगे काठाला बांधलेले होते.